मांगरात लिहिलेला शेरा

"वास घेतोयस की काय रे म्हाताऱ्या?"

सर असं म्हणाले आणि मांगरातली सगळी माणसं हसली. मांगर म्हणजे बागेतली आंबे भरायची कौलारू शेड. खाली पेंढ्यावर हापूस पसरलेला होता आणि माझे वडील उकिडवे बसून आंबे निवडत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लहान-मोठा आंबा त्यांना हाताने कळत होता, पण डाग दिसत नव्हता. म्हणून ते एकेक आंबा अगदी डोळ्याजवळ, नाकाला लागेल इतका जवळ धरून पाहत होते.

"हा बापाने निवडलेला ढीग कॅनिंगला घाला," सर गड्याला म्हणाले. "पेटीत नको. पुण्याच्या गिऱ्हाइकाची बोलणी कोण खाणार?"

पुन्हा हशा झाला.

मीही हसलो. मोठ्याने नाही. ओठ हलवून, घशातून थोडासा आवाज काढून. सरांना कळावं की मला राग आलेला नाही, एवढाच.

माझ्या वडिलांना दिसत कमी होतं. ऐकू चांगलं येत होतं.

हे मी लिहितो आहे ते स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला नाही. त्या दिवशी मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा कायम अधिव्याख्याता होतो. एम.एस्सी. झालेला. स्वतःचं घर, दारात स्कूटर. मला नोकरीवरून कोणी काढू शकत नव्हतं. तरी मी हसलो.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. जुन्या खोताचं घराणं, समुद्राकडच्या उतारावर मोठी बाग. कॉलेजात ते मला "अहो" म्हणत. बागेच्या फाटकातून आत गेलं की "अरे" सुरू होई. ही पद्धत माझ्या आधीपासूनची. विभागातले आम्ही सगळे कनिष्ठ हंगामात रविवारी सरांच्या बागेत जायचो. कोणी हुकूम काढलेला नव्हता. शनिवारी प्रयोगशाळेतून बाहेर पडताना सर म्हणायचे, "उद्या येताय ना?" बस, तेवढंच.

आणि हंगामातच आमचे गोपनीय अहवाल लिहिले जायचे.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. कायम प्राध्यापकाचं काम कसं चाललं आहे हे दरवर्षी तपासायचं असतं. आपण स्वमूल्यमापनाचा अर्ज भरायचा. किती तास घेतले, काय वाचलं, काय लिहिलं, विभागासाठी आणखी काय केलं. त्यावर विभागप्रमुख शेरा लिहिणार. त्यावर प्राचार्य. काही वर्षांनी हे सगळं बाहेरून आलेल्या समितीपुढे जाणार आणि समिती ठरवणार, याला वरची श्रेणी द्यायची की नाही. कागदावर वाचलं तर यात वावगं काही नाही. मी स्वतः अजूनही म्हणतो, तपासलं पाहिजे. मास्तर काय शिकवतो हे कोणीतरी पाहिलंच पाहिजे.

पण इतक्या वर्षांत माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन एकदाही कोणी बसलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा काढलेल्या टिपणांवरून तसाच शिकवत होतो. पानं पिवळी पडली होती. मुलं उतरून घेत होती. मला हे कळत होतं आणि कोणालाच कळणार नाही हेही कळत होतं. सरांचा शेरा दरवर्षी एकच. "काम समाधानकारक."

सर बॅगेतून अहवाल काढायचे, आंब्याची पेटी उपडी करायचे आणि तिच्यावर कागद ठेवून लिहायचे. आमच्या देखत. कोल्हापूरकडचा एक सहकारी होता, माझ्यानंतर लागलेला. बोटांना चीक लागलेला असताना माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "आयला, आपला रिफ्रेशर कोर्स हाच बघा. आणि आपल्याला वाटायचं पुण्याला जावं लागतंय."

मी हसायचो. तिथे जाऊन मला हसायची चांगली सवय झाली होती.

वडील त्या वेळी डोळे दाखवायला देवरूखकडून रत्नागिरीला आले होते. रविवार होता. मी बागेत निघालो तर म्हणाले, "मी पन येतो. तुज्या सायबाला नमस्कार तरी करतो." पांढरा शर्ट घातला, टोपी घातली. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सरांना माझे वडील दिसतील, वडिलांना माझे सर.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. वडील त्यांच्यापेक्षा वयाने बरेच मोठे.

"कुठला रे तू? देवरूखकडचा ना? कुणबी?"

"व्हय जी."

"मग उभा काय राहिलास? बस. हात चालत असेल अजून."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "सर, त्यांना दिसत नाही," एवढं जरी. मी खाली पाहिलं आणि समोरचा आंबा उचलला. वडिलांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि ते बसले.

निघताना सरांनी अहवालावर सही केली. "चांगलं लिहिलंय हो तुझं," म्हणाले. आणि वडिलांनी निवडलेल्या त्याच ढिगातले पिशवीभर आंबे वडिलांच्या हातात दिले. वडिलांनी ते घेतले. वाकून नमस्कार केला. पांढऱ्या शर्टावर चिकाचे डाग पडले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला मी देवरूखच्या एस.टी.त बसलो. हातखंबा गेल्यावर त्यांनी विचारलं,

"तुजी नोकरी पर्मनंट हाय ना रे?"

"होय."

"मंग?"

मी समजावून सांगायला लागलो. गोपनीय अहवाल, शेरा, वरची श्रेणी, समिती. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "मी पोफळीला कशापायी गेलो, तुला ठाव हाय ना?"

मला ठाऊक होतं. आमच्या वाडीत लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो. आजोबा खोताकडे वेठीला जायचे. वेठ म्हणजे बिनपैशाचं काम. खोताचा निरोप आला की स्वतःची लावणी अर्धी टाकून जायचं. कायद्याने खोती गेली तरी निरोप यायचे काही दिवस थांबले नव्हते. वडील तेव्हा जवान होते. एकदा निरोप आला तेव्हा ते गेलेच नाहीत. घाटाखाली वीजप्रकल्पाचं काम निघालं होतं, तिथे पाट्या टाकायला गेले. पुढे पोफळीच्या वीजघरात हेल्पर झाले. कॉलनीतल्या दोन खोल्यांत मला शिकवलं. त्यांच्यावरही साहेब होते. पण कोणत्याही साहेबाच्या घरचं काम त्यांनी केलं नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा.

त्या माणसाला मी स्कूटरवर बसवून परत खोताच्या दारात नेलं होतं. खाली बसवलं होतं. आणि हसलो होतो.

एस.टी. चालली होती. साखरप्याला उतरून मी रस्त्याच्या कडेला ओकलो. वडील पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गाडी लागली काय रे?" मी "होय" म्हणालो.

पुढच्या हंगामात शनिवारी सर म्हणाले, "उद्या येताय ना?"

"नाही सर."

"बरं नाहीये का?"

"बरा आहे."

ते थांबले. हातातली किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही हो."

"माहीत आहे," मी म्हणालो. शौर्य वगैरे काही नव्हतं. घरी येऊन मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अजून वेळ आहे, जाऊन या." मी गेलो नाही.

त्या वर्षी स्वमूल्यमापनाचा अर्ज भरायला घेतला. "विभागासाठी केलेले इतर काम" हा रकाना मी दरवर्षी वृक्षारोपण, भित्तिपत्रक असलं काहीबाही लिहून भरत असे. या वेळी लिहिलं : "आजवर दर हंगामात रविवारी विभागप्रमुखांच्या खाजगी बागेत आंबे निवडले व पेट्या भरल्या. या वर्षापासून हे काम बंद केले आहे." खाली सही केली.

प्राचार्यांनी बोलावलं. थकलेला, निवृत्तीला आलेला माणूस. समोर माझा अर्ज आणि शेजारी एक कोरा.

"असं लिहितात का हो?"

"खोटं आहे का सर?"

"खऱ्याखोट्याचं काय घेऊन बसलात? पुढच्या वर्षी तुमची श्रेणी आहे. हा घ्या कोरा. इथेच बसून भरा. मी चहा सांगतो."

"चहा नको सर."

"एकटेच जात होतात का? बाकीचे म्हणतायत का काही?"

बाकीच्यांना विचारलं गेलं. कोल्हापूरचा सहकारी म्हणाला, आपण बागेत कधीतरी गेलो असू, अभ्यास म्हणून, कलमं पाहायला. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाला, "रागावू नका. पोरीचं ॲडमिशन तोंडावर आलंय. तुमच्यासारखं आमचं घर नाही हितं." मी रागावलो नाही. आदल्या वर्षापर्यंत मीही हेच केलं असतं.

त्या वर्षीचा शेरा मला लेखी कळवला गेला : "अध्यापन सुमार. सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत."

गंमत अशी की त्याच वर्षी मी पहिल्यांदा नीट शिकवायला लागलो होतो. पिवळी टिपणं जाळली नव्हती, पण बाजूला ठेवली होती. रोज वाचून जात होतो. मुलांना सड्यावर, उघड्या कातळमाळावर नेत होतो. कातळावरच्या फटींत उगवणारी बारकी फुलं ओळखायला लावत होतो. एक मुलगी म्हणाली होती, "सर, आमच्या घरामागं हे सगळं होतं, कधी बघितलंच नाय." मी आळशी होतो तेव्हा समाधानकारक होतो. काम करायला लागलो तेव्हा सुमार झालो.

समिती आली. तिघे जण, बाहेरचे. मला आत बोलावलं. एकाने माझा अर्ज वाचला, दुसऱ्याकडे सरकवला. दुसरा चष्मा वर करून म्हणाला, "आंबे? हापूस की पायरी?" आणि तिघेही हसले. मी हसलो नाही. हसायचं नाही एवढं एकच तेव्हा माझ्या हातात होतं.

"तुमच्याकडे पुरावा काय?" तिसऱ्याने विचारलं.

"मी होतो तिथे."

"त्याला पुरावा म्हणत नाहीत."

मी शिकवतो काय, कसं, याबद्दल एकही प्रश्न कोणी विचारला नाही. समितीचं जेवण सरांच्या घरी होतं. श्रेणी लांबणीवर पडली. पुढच्या वेळीही पडली. मी वर अर्ज केले. उत्तर आलं की गोपनीय शेऱ्यात हस्तक्षेप करता येत नाही.

वडिलांचे दोन्ही डोळे नीट झाले, आणि दोन पावसाळ्यांनी ते गेले. त्या दिवशीच्या हसण्याची माफी मी मागितली नाही. धीर झाला नाही. मागितली असती तर म्हणाले असते, "कसली रे?" आणि ते मला सहन झालं नसतं. ती माफी आता कोणाकडे मागू? माझ्याजवळच आहे. राहू दे.

सर निवृत्त झाले. मला वाटलं, आता संपेल. संपलं नाही. कोल्हापूरच्या सहकाऱ्याला श्रेणी मिळाली, तो विभागप्रमुख झाला. त्याची बाग नाही. पण सर आता संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, आणि हंगामात तो नव्या मुलांना म्हणतो, "सरांच्याकडे जाऊन या जरा. वयस्कर माणूस आहे." हल्ली बागेत काम करायला नेपाळी गडी असतात. कामाला माणसं कमी नाहीत. तरी बोलावतात.

परवा विभागात नव्याने कायम झालेली एक बाई माझ्याकडे आली. राजापूरकडची, हुशार. दार लोटून घेतलं आणि विचारलं, "सर, रविवारी जायलाच पाहिजे का?"

मी तिला धीर दिला नाही. खोटं बोललो असतो. म्हणालो, "नाही गेलीस तर शेरा वाईट येईल. श्रेणी अडकेल. माझी अडकली ती सुटली नाही. कॉलेजात कोणी तुझ्याशी धड बोलणार नाही."

"मग तुम्हाला काय मिळालं?"

"काही नाही."

मग ती म्हणाली, "मी नाही गेले आणि लेखी विचारणा झाली, तर कोणी सांगेल का, की हे असं चालतं?"

"मी सांगेन. सहीनिशी."

"आणि मी गेले तर?"

"तरीही सांगेन."

ती काय करेल मला माहीत नाही. तिला दोष देणार नाही. माझी श्रेणी येणार नाही, मी आहे त्याच जागेवरून निवृत्त होईन, हेही आता नक्की आहे. म्हणून त्यांच्याजवळ माझ्याकडून काढून घ्यायला काही उरलेलं नाही. तक्रारीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सरांचं नाव, आताच्या विभागप्रमुखाचं नाव, आणि इतकी वर्षं तिथे जाऊन बसलेला म्हणून माझं स्वतःचं नाव. खाली बाकीच्यांच्या सह्यांसाठी जागा सोडली आहे. सोमवारी तो मी विद्यापीठात स्वतः नेऊन देणार. त्या जागेत एकही सही आली नाही तरी.