गाडी वळायची ती जागा

आमचं घर गल्लीच्या टोकाला. लिंबायतमधली आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या ओट्यांवर बसून दोघी जणी एकाच ताटातली मेथी निवडू शकतात. फक्त आमच्या भिंतीपाशी थोडी मोकळी जागा होती आणि कचऱ्याची छोटी गाडी तिथं येऊन वळायची. रोज सकाळी गाणं वाजवत यायची, आमच्या दारात थांबायची. ओल्याचा एक डबा, सुक्याचा एक, असे दोन डबे घेऊन बाया जमायच्या. आई तर उंबऱ्यातूनच हात लांब करायची.

ही गाडी आपोआप आलेली नव्हती. मी शाळेत होते तेव्हा गल्लीतल्या बाया महापालिकेच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या. त्यांचं पत्रक पप्पांनी लिहिलं होतं. पप्पा लूमच्या खात्यात, कापड विणायच्या मशीनवर कामाला. दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहायचं आणि घरी आल्यावर पत्रकं लिहायची, हे त्यांचं आयुष्य. आमच्याकडे पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाटून उरलेले गुलाबी, पिवळे गठ्ठे. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले आणि त्यांच्याच कोऱ्या बाजूवर बेरजा-वजाबाक्या केल्या. 'हत्ती'च्या आधी मला 'हक्क' लिहिता यायला लागलं.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात गाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "भाभी, अब अंदर नहीं आएगी. मेन रोड पे खड़ी रहेगी, एक दिन छोड़ के. गाड़ियाँ कम कर दी हैं."

"क्यूँ?" पप्पांनी विचारलं.

"काका, मैं तो चलाता हूँ. कम करने वाला मैं होता तो क्या बात थी."

पहिले काही दिवस गल्लीनं आपापल्या परीनं काढले. कामावर जाणारे पुरुष पिशवी मोटारसायकलला अडकवायचे आणि पुलावरून जाता जाता खाडीत भिरकावायचे. घरी साड्यांचे धागे कापायचं काम करणाऱ्या बायांची फार पंचाईत झाली, कारण धाग्यांना वजन नसतं पण जागा बेसुमार लागते. एकीची पोरं धाग्यांचं गाठोडं उशाला घेऊन झोपायला लागली. समोरच्या वहिनीनं वास येऊ नये म्हणून सालं पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवली. गाडीच्या दिवशी पिशवी काढायला गेली तर ती नाहीच. सासूनं दुधीची सालं बघून त्यांची चटणी करून टाकली होती.

"आणि मेली चटणी झाली पण छान," वहिनी आईला सांगत होती. "मावशी, आता ती रोज मागते."

मेन रोड लांब नव्हता. प्रश्न अंतराचा नव्हता, निदान पप्पांच्या लेखी नव्हता. आमच्या ओट्यावर गल्ली जमली तेव्हा ते म्हणाले, "दारातून उचलून न्यायचं काम आपण भांडून मिळवलंय. आज आपण डबे घेऊन रोडवर गेलो की ते काम आपलं झालं. कायमचं. जिथून ते उचलत होते तिथंच ठेवायचं. साचेल, तेव्हा यावंच लागेल त्यांना."

"काका, पण ते तर तुमच्याच दारात साचेल," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर मी सांगू शकतो," पप्पा म्हणाले.

त्या वेळचं पत्रक मी लिहिलं. माझं पहिलं. 'गाडी गल्लीत येईपर्यंत कचरा गल्लीतच.' पप्पांनी एकही शब्द बदलला नाही आणि मी दिवसभर हवेत होते.

कचरा साचला. गाडी आली नाही. माश्या आल्या, कुत्री आली, डुकरं आली. आई दार लावून स्वयंपाक करायला लागली, पण तक्रार केली नाही. तिचं लक्ष श्रावणाकडे होतं.

श्रावणात आमच्या खानदेशी घरांमध्ये कानबाई ही देवी बसते, शनिवारी संध्याकाळी आणायची, रविवारी रोट, सोमवारी विसर्जन. नारळाला नथ, डोळे लावून, दागिने घालून चौरंगावर मांडतात. तीच माय. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन दळतात आणि त्याचा रोट करतात. रोट म्हणजे पुरणपोळी, खीर, भाज्या, सगळाच नैवेद्य. तो फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही आणि टाकायचा तर अजिबात नाही. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा आमच्यात उघड्यावर फेकत नाहीत. आणि लग्न झालेली मुलगी बाहेरची धरतात. ती रोट खात नाही.

आमच्या भाऊबंदांची कानबाई नेहमी नवागामला, मोठ्या काकूकडे बसायची. आईला ती एकदा तरी आपल्या घरी हवी होती. त्या वर्षी काकू कधी नव्हे ते हो म्हणाली होती. त्या वर्षीच का, तर मार्गशीर्षात माझं लग्न ठरलं होतं. "एकदा माझ्या घरचा रोट माझ्या हातानं तुला वाढीन," आई म्हणायची. तिनं स्वतः स्टुलावर चढून भिंतींना रंग दिला होता.

सणाच्या आधी काकू घर बघायला आली. रिक्षातून उतरली आणि पदर नाकाला लावून तिथंच उभी राहिली.

"हाई काय शे?"

"आक्का, उचलणार आहेत दोन दिवसांत," आई म्हणाली.

"कोन उचलस? तुना नवरा?" काकूनं आत पाऊलही टाकलं नाही. "मायले हाऊ उकिरडा वलांडीसन घरमा आनशी का तू? आमनाकडथून कोनी येवाव नही." आणि आणलेली केळी माझ्या हातात देऊन ती त्याच रिक्षात परत बसली.

त्या संध्याकाळी आई पप्पांसमोर येऊन उभी राहिली. "सणापुरतं तेवढं पलीकडं सरकवा. खांबापाशी."

"खांबापाशी कुणाचं दार आहे?"

"त्या म्हातारीचं. पण ती कानबाई बसवत नाही."

"म्हणून तिच्या दारात टाकू? माझ्या दारातून काढून?"

"मग रोडवर न्या."

"मी नेलं की उद्या सगळी गल्ली नेईल. मग गाडी आत कशाला येईल? मीच सांगितलंय ना सगळ्यांना."

आई म्हणाली, "गाडीसाठी तुम्हाला पुढच्या वर्षी पण भांडता येईल. पोरगी पुढच्या वर्षी रोटाला नसेल."

"मी काय मरतेय का," मी म्हणाले.

"मरत नाहीस. जातेयस."

मला दोघांचंही पटत होतं, हाच त्रास होता. पप्पांनी ढीग दुसऱ्या कुणाच्या दारातून हलवला असता, तर गल्लीनं मानलं असतं. स्वतःच्या दारातून हलवणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तरी मला जमलं नसतं. आणि मुलगी लग्नानंतर बाहेरची होते हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आज तर त्याहून नाही. यावर मी एक सोडून दहा पत्रकं लिहीन. पण मला तो रोट हवा होता. आईच्या हातचा, आईच्या घरात.

शुक्रवारपर्यंत पप्पा दारात खुर्ची टाकून गाडीची वाट बघत बसले. गाडी आली नाही. शनिवारी सकाळी आईनं काकूला फोन केला आणि माय नवागामलाच बसवायचं ठरलं.

आम्ही नवे कपडे घालून निघालो तेव्हा समोरच्या वहिनीनं विचारलं, "मावशी, मायला आणायला चाललात?"

"नवागामला जाऊन येतो," आई म्हणाली. भाऊबंदांनी आपल्या दाराला नाकं मुरडली हे तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

नवागामला आईनं रविवारी पहाटेपासून पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या. काकूच्या स्वयंपाकघरात, काकूच्या सांगण्याप्रमाणे. वाढायचा मान मात्र घरच्या बाईचा, म्हणून मला काकूनं वाढलं. भरपूर वाढलं, प्रेमानं वाढलं, उगाच खोटं कशाला बोलू. आई चुलीपाशी पाठमोरी होती. पप्पा पंगतीत खाली मान घालून जेवले. पोळी गोड होती आणि मला ती नको होती, पण रोट टाकायचा नसतो. मी सगळी संपवली.

सोमवारी मायचं विसर्जन करून संध्याकाळी परत आलो. रिक्षा गल्लीत शिरली आणि आईनं माझा हात धरला. आमच्या दारातला ढीग नव्हता. जमीन धुतलेली होती, फिनाइलचा वास येत होता. भिंतीपाशी मोठी रांगोळी होती, दोन दिवसांत पायाखाली येऊन अर्धी पुसलेली.

वहिनी ओट्यावरून उठून आली. "मावशी, असं काय केलंत. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळ्या ढोलकी घेऊन थांबलो होतो. माय कुठाय?"

आई म्हणाली, "माय आज गेली."

वहिनीच्या लगेच लक्षात आलं नाही. ती पप्पांकडे वळली. "काका, रागावू नका हां. तुम्ही गेल्यावर आम्ही सगळ्यांनी हातलारीवरून रोडला नेलं. फक्त सणापुरतं. मावशीकडे माय येणार आणि दारात हे, बरं दिसत नव्हतं. उद्यापासून परत इथंच टाकतो की."

धागे कापणाऱ्या, फ्रीजमध्ये सालं ठेवणाऱ्या या बायांनी आम्हाला न विचारता तो कुजलेला ढीग हातांनी उचलला होता. आईनं त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी उचलला नसता. आणि आई फोन न करता संध्याकाळपर्यंत थांबली असती, तर माय त्या रांगोळीवरून आमच्या घरात आली असती. शनिवारी सकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं.

"बरं केलंत," पप्पा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून तिथं कुणीच काही टाकलं नाही. धुतलेल्या जागेवर टाकायला हात होत नाही. वहिनी डबा घेऊन रोडवर गेली, तिच्या मागून दुसरी गेली. आता सगळेच जातात, एक दिवसाआड. मोकळ्या जागेत कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगत असतील, लोकांना सवय झाली. त्यांचं चुकतही नाही. यावर पत्रक लिहायला मी दोनदा बसले. कागद तसाच राहिला. गल्लीनं जे सोडलं ते माझ्या आईसाठी सोडलं होतं. त्यांना मी काय सांगणार होते?

मार्गशीर्षात माझं लग्न झालं आणि मी चलथाणला गेले. पुढच्या श्रावणात कानबाई खरोखरच आमच्या घरी बसली. काकू आली, सगळे भाऊबंद आले. दार स्वच्छ होतं. बाया ढोलकी घेऊन आल्या, पप्पांनी चौरंग मांडला, आईनं नवी साडी नेसली होती आणि तिच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता. हे मी बघितलं, हे बरं झालं.

पंगत बसली तेव्हा मी पुढच्या खोलीत आले. थोड्या वेळानं आई बाहेर आली. तिच्या हातात पोह्यांची बशी होती. माझ्यासाठी वेगळ्या कढईत केले होते. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं होतं.

"गरम आहेत तोवर खा," ती म्हणाली आणि आत वाढायला गेली.