न आलेले रुग्ण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मालतीपाशीही नाही — आणि बायकोपासून मी सहसा काही लपवत नसे. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगतो.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका इस्पितळात डॉक्टर होतो. दुष्काळ नुकताच सरला होता. विहिरी तळाला गेलेल्या, लोक पायऱ्या उतरून गढूळ पाणी भरत, आणि गावोगाव नारू. नारू तुम्ही पाहिला नसेल. पाण्यातून पोटात जाणारा जंत — वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडतो. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. आत तुटला तर पाय सुजतो, पिकतो. मी जन्माचा चौकस. जंतांवरच्या एका जुन्या गोळीनं हा दोरा सैल होतो का, एका दमात ओढता येतो का — मला बघायचंच होतं.

गोळ्या दिल्या. एका दमात कसा ओढायचा ते सांगितलं, महिन्यानं दाखवायला या म्हटलं. सोलापूरच्याच भवानी पेठेतले, शहरातले बहुतेक आले. त्यांचे पाय बरे होते — हे खरं आहे, यात मी काही घातलेलं नाही. खेड्यांतले पुष्कळ जण आलेच नाहीत.

त्यांचं काय लिहायचं? बरा झालेला माणूस दवाखान्याची पायरी कशाला चढेल — असं आमच्यात सगळेच म्हणत. मीही म्हणालो. न आलेल्यांपुढे ‘बरे’ लिहिलं, आणि निबंधात — सगळ्यांना महिन्यानं तपासलं, असं. ते खोटं होतं. लिहिताना हात अडला का? नाही.

निबंध विलायतेतल्या मासिकात छापून आला. मग कार्डं येऊ लागली — आपल्या निबंधाची प्रत पाठवावी. तेहरान, अक्रा, प्राग. प्रागला नारू कुठला? कोण असेल हा माणूस, काय करत असेल माझ्या निबंधाचं? मी नकाशा उघडून बसायचो. पुण्याला गेलो की ग्रंथालयात नवी मासिकं मागच्या पानापासून चाळायचो, लेखांखालच्या संदर्भांच्या यादीत बारीक टायपात माझं नाव शोधत. सापडलं की — काय सांगू, लहान मुलासारखा आनंद व्हायचा. नायजेरियातल्या एका डॉक्टरानं कळवलं, तुमचा निबंध वाचून आम्हीही याच गोळ्या देऊ लागलो आहोत. ते मी मालतीला दोनदा वाचून दाखवलं.

असाच एकदा पुण्याहून येत होतो. गाडी वाटेत केम स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबली. पाय मोकळे करायला खाली उतरलो. फलाटावर एक बाई पेरूची पाटी घेऊन बसली होती.

“डाक्टरसायेब, वळखलं न्हाय व्हय?”

पारूबाई. माझ्याच गोळ्या घेऊन गेलेली. उजवा पाय गुडघ्यात दुमडलेला — मी म्हटलं, सरळ करा बघू. तो होत नव्हता.

“तुमी सांगितल्यावानी वडला,” ती म्हणाली. “आत तुटला बगा. लई सुजला. मग ह्यो असाच ऱ्हायला.”

“महिन्यानं या म्हणालो होतो ना मी? का आला नाहीत?”

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. आपलं काही ऐकण्यात चुकलं की काय, अशी बघत होती.

“चालता येत न्हवतं की. येनार कशी?”

मग म्हणाली, “आमच्या वस्तीवर आनिक दोगं हायती, असंच झालेलं. येता का बगाया? जवळच हाय.”

इंजिनानं शिट्टी दिली. पुन्हा येईन, म्हणालो, आणि चढलो.

सोलापूर येईपर्यंत एकच विचार. न आलेले किती जण बरे होऊन घरी राहिले असतील, आणि किती जण पाय गेला म्हणून? हे कळण्यासारखं होतं. गावं मला ठाऊक होती, एसटी जात होती. नायजेरियाच्या डॉक्टराला एक ओळ लिहिता आली असती — थांबा, मी तपासलेलं नाही. मासिकालाही लिहिता आलं असतं.

मी लिहिलं नाही. उलट निबंधाच्या प्रती संपल्या तेव्हा आणखी छापून घेतल्या आणि मागेल त्याला पाठवत राहिलो. संदर्भ वाढत गेले. त्यांच्या जोरावर विभागप्रमुख झालो. निवृत्तीच्या समारंभात माझ्या निबंधांची यादी वाचली, त्यात पहिलं नाव या नारूच्या निबंधाचंच. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

केमवरून नंतर पुष्कळदा गेलो. गाडी थांबायची. मी उतरत नसे. वस्तीवरची ती दोघं कोण होती, त्यांचे पाय कसे होते, मला माहीत नाही. बाकीच्या गावांतलंही माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.