टेबलावरची वायुगाडी

बोलता बोलता आमच्या एका सरांचा उजवा अंगठा तर्जनीवर मागेपुढे फिरायचा. समोरचा तावातावाने भांडायला लागला की म्हणायचे, "जरा दमानं सोडा." एखाद्या वस्तूचं वेड घेतलेला असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. सत्तरच्या दशकात हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि हे सर विज्ञान.

अंगठ्याची सवय प्रयोगशाळेतली. पाण्यातून काढलेल्या हायड्रोजन वायूपासून वीज करायची आणि तिच्यावर पत्र्याची खेळण्यातली गाडी चालवायची, हा त्यांचा ध्यास. वायू रबरी नळीतून वीज तयार करणाऱ्या बरण्यांमध्ये जाई. जास्त सुटला की बुडबुडे होऊन वाया, कमी पडला की मोटर मरगळली. म्हणून नळीला दवाखान्यातून मागून आणलेला सलाइनचा चिमटा लावलेला आणि चिमट्यावर कायम सरांचा अंगठा.

"सर, तुमच्या यंत्राचं डोकं अंगठ्यात आहे," मी चिडवायचो.

"म्हणून तर वर केस न्हाईत," ते टकलावरून हात फिरवत म्हणायचे.

घाई होती ती त्यांच्या मायची. तिचे डोळे जात चालले होते आणि हिंगोलीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलेली ती म्हातारी रोज विचारायची, "पान्यातल्या वाफंवर गाडी चालती म्हनतूस, मंग मला दिसतंय तवर दाव की रं."

सरांनी जिवाचं रान केलं. पण मोटर नीट फिरायला लागली तोवर मायला उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासं झालं होतं. तरी त्यांनी तिला हाताला धरून शाळेत आणलं आणि पुढच्या बाकावर बसवलं.

तेवढ्यात हेडमास्तर नारळ-कापूर घेऊन आले. नवी गाडी बिनपूजेची चालवायची म्हणजे काय!

"कापूर नका, सायेब!" सरांनी चिमटा आवळला. पण हेडमास्तरांनी काडी ओढली होती. नळीच्या तोंडाशी उरलेला वायू फट्कन पेटला. जमलेली मुलं, मास्तर सगळे दाराकडे पळाले, सगळ्यात पुढे हेडमास्तर.

माय बसूनच होती. "काय फुटलं रं?"

"नारळ, माय."

सरांनी पुन्हा वायू सोडला आणि तिचा तळवा गाडीवर ठेवला. मोटर गुणगुणली. गाडी तिच्या हाताखालून हळूच निसटली आणि वीतभर पुढे जाऊन थांबली.

माय तशीच हात पुढे करून बसली होती. "गेली व्हय?"

"व्हय, गेली."

"कंच्या रंगाची हाय?"

गाडीचा पत्रा कोराच होता. सर म्हणाले, "लाल हाय, माय. लालभडक."

ती केवढी हसली!

पुढच्या वर्षी माय गेली, सरांची हट्ट्याला बदली झाली आणि नंतर आमची भेट राहिली ती राहिलीच. मला आठवतात ते त्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे सर. प्रयोगशाळेत एकटेच बसून, लाल रंगाचा डबा शेजारी ठेवून, ओल्या गाडीवर फुंकर घालणारे.