आमच्या टायमरची टक

आमच्या खोलीत दोन गोष्टी साचतात, तारांचे तुकडे आणि किस्से. तुकडे शनिवारी झाडून निघतात. किस्से कोण झाडणार?

खोली म्हणजे वडनेरात नसरीन आपांच्या घराची पुढची खोली. आपा, बेबीकाकू आणि मी, तिघी मिळून टायमरचे डबे बनवतो. डब्याच्या तोंडावर एक गोल चकती, दिवसाला एक फेरा मारणारी. तिच्यावर तास आखलेले, आणि हव्या त्या तासाला रोवायच्या दोन खुंट्या. पहिली खुंटी आली की आतला रिले, म्हणजे आपोआप पडणारं बटण, ‘टक’ करतो आणि दिवा लागतो. दुसरी आली की विझतो. मी सातवी शिकलेली. मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल.

* * *

पहिल्या दिवशी मी सारखी विचारत होते, "आपा, लाइन बंद हाय ना? पक्की बंद हाय?" टेस्टर लावला, पुन्हा लावला. वाटलं, आता घरी पाठवतात.

आपा म्हणाल्या, "उद्यापासून ये. करंटले न भेणारी बाई मी ठेवतच नाही."

बेबीकाकूंनी मान वर केली. "मंग मले काऊन ठेवलं?"

"तू फक्त नवऱ्याले भेत नाही."

* * *

सुरुवातीचे डबे आम्ही भिंतीवरच्या घड्याळाच्या मशीनवर केले होते. एका भाऊंनी त्यातला एक टाकीच्या मोटरला लावला, सकाळी सहाला चालू होणारा. सकाळी बरोबर चालू झाली. संध्याकाळी सहालाही झाली! काटा दिवसातून दोनदा सहावर येतो, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. टाकी भरून वाहिली ती शेजारच्या अंगणात, आणि तिथं पोराला हळद लावणं चाललेलं.

भाऊ तणतणत आले. बेबीकाकू शांतपणे म्हणाल्या, "नवरदेवाची आंघोळ तर झाली ना?"

मग आपांनी एक दातेरी चाक वाढवलं आणि चकती निम्म्या चालीनं फिरायला लागली.

* * *

तरी एक घोळ राहिलाच. सेलचा खर्च वाचवायला चकती आम्ही घरच्याच लाइनवर जोडली होती. लाइन गेली की तीही थांबायची. शाळेतले एक सर तक्रार घेऊन आले, "संध्याकाळचा दिवा आता जेवणं झाल्यावर लागून राह्यला."

"सर, लाइनच उशिरा येते," बेबीकाकू म्हणाल्या, "त्यानं एकट्यानं टायमावर येऊन काय करावं?"

तेव्हापासून चकतीला वेगळा सेल आहे.

* * *

एक ताई पोराची दहावी म्हणून टीव्हीला टायमर लावून घेऊन गेल्या. नऊला टीव्ही बंद. दोन दिवसांनी त्यांचे मालक आले, दारातूनच हळू आवाजात म्हणाले, "आपा, यात आणखी एक खुंटी बसते का? मॅचच्या दिवशीची?"

आपा म्हणाल्या, "बसते. पण डब्याले कुलूपही राहीन, अन् चावी तुमच्या बायकोजवळ."

* * *

गावभर डबे लागले, माझ्या घरी मात्र नाही. सासूबाईंचं एकच, "तुह्या हाताचं यंत्र मह्या घरात नको. लेकरू हाय घरात."

लेकरू म्हणजे माझी परी, तीन वर्षांची. खरं तर मलाही तीच भीती. कामावरून मी सासूबाईंना सारखा फोन करते, "आत्याबाई, परी काय करून राह्यली?" एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "तुह्याच फोनची वाट पाहून राह्यली." पण दुसऱ्याच्या घरी चालतो तो डबा माझ्या घरी चालू नये, हे मनाला लागून राहिलं.

शेवटी ह्यांनीच आईला समजावलं. डबा ओसरीत लावला, पण इतका उंच की मलाच स्टूल घ्यावं लागतं. ओसरीचा दिवा सहाला. मीही त्याच वेळी घरी पोचते. आठवडाभरात परीनं आपलं गणित मांडलं : टक झालं की आई येते.

सासूबाई मात्र डब्याकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. त्यांची कंबर धरते, म्हणून परीला उचलणंही त्यांनी कधीचं सोडलं आहे.

* * *

मागच्या आठवड्यात भरदुपारी सासूबाईंचा फोन आला. "तुह्या डब्याले काय झालं पाह्य बाई. उन्हात दिवा लागून राह्यला."

एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बेबीकाकूंची, तशीच धावत सुटले. रस्ताभर नको नको ते डोळ्यांपुढे.

परी दारातच होती. "टक झालं!" म्हणाली आणि माझ्या पायांना बिलगली.

आधी मेन स्विच बंद केला. डबा उघडला. तारा ठीक, सेल ठीक, रिले ठीक. फक्त चकती कुणीतरी फिरवून सहावर आणली होती.

"परी, कोणं फिरवलं?"

"म्या."

स्टूल शोधलं. ते मागच्या अंगणात होतं, त्यावर वाळवणाचं सूप.

"तुहा हात पुरते काय तिथं?"

परीनं आजीकडे पाहिलं. सासूबाई एका हातानं कंबर दाबत वांगी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता आलीच हायस, तं चहा मांड."