पालकांनी आत बसावं

सिंदी रेल्वे या गावात पोरगं दहावी पास होऊन सायन्सला गेलं की त्या घरात एकच प्रश्न ठाण मांडून बसतो: गणित ठेवायचं, बायलॉजी ठेवायचं, की दोन्ही? ज्याला शिकायचं तो राहतो बाजूला आणि मामापासून पानठेलेवाल्यापर्यंत जो तो आपलं मत देऊन मोकळा होतो. इंजिनिअर करायचा तर गणित, डॉक्टर करायचा तर बायलॉजी. काय करायचं तेच ठरलं नसेल, आणि बहुतेक घरांत ते ठरलेलं नसतंच, तर "दोन्ही घे बाप्पा, पाहू पुढं." हे "पाहू पुढं" ज्याच्या डोक्यावर बसतं ते पोर मग चार जड विषय ओढत बसतं. टक्का घसरतो. टक्का घसरला की ट्यूशन लागते, ट्यूशन लागली की झोप जाते आणि झोप गेली की टक्का आणखी घसरतो. शेवटी कोणीतरी म्हणतं, "थूल सरांकडं जाऊन या ना एकदा."

हेमराज थूल सर ज्युनिअर कॉलेजात पाली शिकवतात. आता गणिताचं काय करावं हे पालीच्या मास्तरला का विचारायचं? त्याचं कारण अगदी साधं आहे. गणिताचे सर म्हणतात गणित ठेव, बायलॉजीच्या मॅडम म्हणतात बायलॉजी ठेव. दोघांच्याही ट्यूशन आहेत, त्यांचंही काही चुकत नाही. थूल सरांना या भांडणात ना घेणं ना देणं. कुणब्याचं असो, तेल्याचं असो, बौद्धाचं असो, सायन्सचं प्रत्येक पोर दुसरी भाषा म्हणून पालीच घेतं, कारण पालीचा अभ्यास बेताचा आणि मार्क भरपूर. स्टाफरूममध्ये पालीचं नाव "टेकू" आहे. "थूल सर, तुमचं बरं आहे. तुमच्या विषयात एखाद्यानं नापास व्हायचं म्हटलं तरी जमत नाही," असं कोणी म्हटलं की सर सगळ्यांत मोठ्यानं हसतात. एवढा हसरा माणूस आख्ख्या सेलू तालुक्यात मिळायचा नाही.

रविवारी विहारातली वंदना आटोपली की सर घरच्या ओट्यावर खुर्ची टाकतात. समोर एक लांब बाकडं. आत त्यांची बायको सुजाताबाई पोह्यांवर तर्री ओतायच्या तयारीत. गावोगावचे आईबाप पोरांना घेऊन येतात आणि बाकड्यावर नंबर लावून बसतात. नंबर आला की सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पालकांनी आत बसावं." त्यातून कोणाची सुटका नाही. एकदा एक सरपंच अडून बसला होता. म्हणाला, "पोरगा माझा हाये, माझ्यासमोरच बोला." सर म्हणाले, "पोहे बी तुमचेच हायेत, निवून राह्यले." सरपंच मुकाट आत गेला.

बाप आत गेला की सर पोराच्या बाजूला सरकतात आणि विचारतात, "काय गड्या, कोणतं पुस्तक पाह्यलं का पोटात गोळा येते?" बापासमोर ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही ते पोर मग भडाभडा बोलतं. कोणाला रसायन आवडतं पण गणितापायी वेळच उरत नाही. कोणाला बेडूक कापायचा विचार आला तरी जेवण जात नाही. सर ऐकून घेतात, मग बापाला बाहेर बोलावतात आणि सरळ सांगतात, "हे काढा, ते ठेवा. जिथं जायचं तिथल्या विषयांचे मार्क पाह्यजेत. बाकीचं ओझं कायले?" या सल्ल्यानं किती पोरं तरली याची मोजदाद कोणी ठेवली नाही, पण ओट्यावरची गर्दी काही उगाच होत नाही.

पण म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. सरांची स्वतःची मुलगी मोनाली बारावी सायन्सला होती आणि तिच्या मानेवर गणित आणि बायलॉजी दोन्ही होती.

मोनालीला व्हायचं होतं ढोरांचं डॉक्टर. लहानपणापासून शेजारच्या ताराचंद दूधवाल्याच्या गोठ्यात तिचा मुक्काम. गाय अडली की ताराचंद आधी मोनालीला हाक मारायचा आणि मग डॉक्टरला फोन लावायचा. नागपूरला व्हेटरनरीला जायचं, हे तिचं पक्कं होतं. तिथल्या प्रवेश परीक्षेला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. गणिताला तिथं कोणी विचारत नाही. हेच दुसऱ्या कोणाच्या पोरीचं असतं तर सरांनी पोहे निवायच्या आत निकाल दिला असता.

घरी मात्र ते म्हणायचे, "दोन्ही दारं उघडी राहू दे बेटा. उद्या मन बदललं तं?" आणि पोरगी रोज संध्याकाळी पॅसेंजरनं वर्ध्याला गणिताच्या ट्यूशनला जायची. परतताना गाडीत पेंगायची. रसायनाचे मार्क आधी घसरले, मग भौतिकचे, आणि बारावीच्या पहिल्या चाचणीत चक्क बायलॉजीचे. ताराचंदच्या गोठ्यात तर ती दोन महिन्यांत फिरकलीच नव्हती. तिनं बापाला परोपरीनं सांगून पाहिलं. सर हसायचे, पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "आमची वाघीण हाये, होते सगळं." हसऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर मोठी पंचाईत.

असं होता होता पोळा जवळ आला. गावात तान्ह्या पोळ्यात पोरांनी ओढायचे मोठाले लाकडी नंदी रंगवायला बाहेर निघाले. कॉलेजात नोटीस लागली की विषय बदलायचा असेल तर सोमवारपर्यंत अर्ज द्या, त्यानंतर बोर्डाकडं नावं जातील. गणित सोडून त्या जागी भूगोल घ्यायचा तर हीच शेवटची संधी. मोनालीनं शनिवारी बापासमोर अर्ज ठेवला. सरांनी तो वाचला, घडी केली आणि टीव्हीखाली ठेवून दिला.

रविवारी बाकडं नेहमीसारखं भरलेलं होतं. सेलडोहचे किसनराव त्यांच्या रोशनला घेऊन आले होते, पण ते विचारायला नव्हे, सांगायला. सोबत पिशवीभर गावरान तुरीची डाळ.

"सर, रोशनचा नंबर लागला नागपूरले, अ‍ॅग्रीले. मांगच्या वर्षी तुम्ही ह्याचं गणित नसतं काढलं, तं आज हा घरीच असता."

सर खुलले. म्हणाले, "मी काय केलं जी? पोट्ट्याले झेपत नव्हतं, ते तुमाले दिसत नव्हतं, एवढंच. बापाले दिसतच नाई. लय जवळ उभा राह्यते ना तो." असं म्हणून त्यांनी बाकड्याकडं पाहिलं. "चला, पुढचं कोण?"

बाकड्याच्या टोकावरून मोनाली उठली.

"नमस्कार सर. मी मोनाली हेमराज थूल. बारावी सायन्स."

कॉलेजात ती बापाला सरच म्हणायची, मास्तरांच्या पोरांना ते करावंच लागतं. पण घरच्या ओट्यावर हे पहिल्यांदाच होत होतं. सरांना वाटलं, पोरगी गंमत करते.

"मोना, चेष्टा नको करू. लोकं बसून हायेत."

"मी बी नंबर लावूनच बसली सर. ह्या काकाच्या मांगं माझाच नंबर होता."

बाकड्यावरची एक बाई म्हणाली, "हो जी, मगापासून बसून हाये बिचारी."

"बरं, बोल."

"पहिले पालकाले आत पाठवा सर. पालकासमोर मले बोलता येत नाई."

सगळ्या बाकड्यात हसू पसरलं. किसनराव तर गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "हे बराबर हाये. मले धाडलं होतं तुम्ही आत. रीत म्हणजे रीत सर."

आता करता काय? चार गावांची माणसं बघत होती. थूल सर उठले, चप्पल काढली आणि पालक म्हणून आत गेले.

सुजाताबाईंनी पोह्यांची प्लेट पुढं केली. सर म्हणाले, "हे तुमचंच काम दिसते."

"मी कायले? मी पोहे करून राह्यली. पालकांनी बसावं नि खावं."

सर बसले. बाहेर किसनराव मोनालीशी काहीतरी बोलत होते. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आपलं लेकरू बाहेर परक्या माणसाजवळ आपल्याविषयी काय सांगत असेल, या विचारानं सर पोहे सोडून दाराकडंच कान देऊन बसले. इतक्या वर्षांत किती बापांना आपण या खुर्चीवर बसवलं आणि वरून त्यांना हसलो, हे आठवून त्यांना ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी प्लेट ठेवली, हात धुतले आणि बाहेर येऊन आपल्या खुर्चीवर बसले.

"हं, बोल बेटा. पालक आत गेले. काय अडचण हाये?"

मोनाली म्हणाली, "सर, आमचे बाबा लय चांगले हायेत. ते म्हणतेत दोन्ही दारं उघडी राहू दे. पण मी त्या दोन दारांच्या मधातच उभी हाये सर. कोणत्याच दारातून आत जाणं होऊन नाई राह्यलं."

"मग बाबाले हे सांगत काऊन नाई?"

"सांगतलं. ते हसतेत. आणि अजून एक हाये सर. कॉलेजात बाबाले सगळे पालीवरून बोलतेत. टेकू म्हणतेत. ते हसतेत, पण घरी आल्यावर बराच वेळ गप्प राह्यतेत. मी चारही विषय घेतले, त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये सगळ्याईले सांगत होते, मी दारातून आयकलं. इतके खूश मी त्याईले कधी पाह्यलं नव्हतं. म्हणून मी वर्षभर ओढलं. आता ओढवत नाई."

थूल सरांचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. त्यांना वाटत होतं, आपण सहन करतो ते कोणाला दिसत नाही. आणि इथं सतरा वर्षांच्या पोरीनं ते बघून गुपचूप आपल्या खांद्यावर घेतलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी चारचौघांत सरळ रुमालानं पुसले.

मग ते म्हणाले, "गणित सोड. आज सोड. आणि आजपासून रोज संध्याकाळी पहिले रसायन, मग भौतिक. बायलॉजीले तुले सांगायची गरज नाई."

"आणि बाबा?"

"त्याले मी पाह्यतो."

"आयकतील ना सर?"

"त्याचा बाप आयकते," सर म्हणाले, आणि तेव्हा कुठं बाकड्यावरची माणसं मोकळेपणी हसली. आतून सुजाताबाई टीव्हीखालचा अर्ज आणि पेन घेऊन आल्या. सरांनी पालकाच्या जागी सही केली.

सोमवारी दुपारी बातमी स्टाफरूममध्ये पोचली. गणिताच्या मुकेश सरांनी डबा उघडता उघडता विचारलं, "काय थूल सर, मोनालीनं गणित सोडलं म्हणे? झेपलं नाही का?"

दोन-तीन जणांनी मान वर केली. थूल सर आता हसून विषय टाळतील, असं त्यांना वाटलं असावं. सर हसलेच, पण टाळलं नाही.

"गणित झेपत होतं तिले," ते म्हणाले. "वरून तिच्या डोक्यावर मी बी बसलो होतो ना, तो बाप झेपत नव्हता. उतरलो."