अकरा आणि परब

परब माणसं पाठीवर थाप मारून मोजायचा. तोंडाकडे बघून नाही, नाव घेऊन नाही. गड उतरून आम्ही धापा टाकत बसलेलो असायचो, तेवढ्यात मागून पाठीवर थाप पडायची, "एक". शेजारच्याला थाप, "दोन". असं करत तो अकरापर्यंत यायचा आणि खच्चून ओरडायचा, "अकरा! चला!" मग प्रत्येकाच्या हातावर गुळाचा एकेक खडा. ती आरोळी झाल्याशिवाय मोटरसायकलला किक मारायची नाही, हा आमचा नियम होता. आम्ही होतो बारा. स्वतःला तो कधी मोजायचा नाही आणि आम्हालाही त्यात काही खटकायचं नाही. पूर्ण आकडा अकरा, बस्स.

मरोळच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो आणि परब पॅकिंगला. तयार नट-बोल्ट हातानं मोजून खोक्यांत भरायचे, हे त्याचं काम. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कारखान्यातली आणि आसपासची आम्ही पोरं नव्या-जुन्या मोटरसायकली काढून महिन्यातले दोन रविवार कुठल्या ना कुठल्या गडावर जायचो. पुढारी मी. मला कुणी नेमलं नव्हतं, पण मी सगळ्यांच्या पुढे पळायचो आणि सगळ्यांवर खेकसायचो, त्यामुळे आपोआपच झालो. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमचं गडपुराण चाललं होतं, तर परब डबा धुवून येता येता थांबला.

"माका पण व्हरतंस काय रे?"

म्हणजे मला पण नेतोस का. मी पंचवीसचा, तो चाळिशी ओलांडलेला. मी म्हटलं, "चालशील ना काका? का आम्ही उचलून आणायचं?"

"काका म्हटलंस तर येवचंय नाय," तो म्हणाला. "तुमी व्हा फुडे. मी मागसून येतंय."

तेव्हापासून तो परब झाला, अरेतुरेतला झाला आणि कायमचा मागचा झाला. त्याची एक जुनी हिरवी मोटरसायकल होती. तिच्या मागच्या सीटवर कधी माणूस बसलेला मी पाहिला नाही. तिथे एक गोणपाटाची पिशवी सुतळीनं आवळलेली असायची. तिच्यात दोर, पंक्चरचं सामान, आयोडीनची बाटली आणि कागदात बांधलेला गूळ. कुणाची चप्पल तुटली, कुणाचा गुडघा फुटला, कुणाला अर्ध्या वाटेवर रडू आलं, तरी मी वर निश्चिंत असायचो. मागे परब आहे ना! आम्ही बुरुजावर बसून डबे संपवत यायचो तेव्हा तो शेवटच्या माणसाला पुढे घालून हळूहळू उगवायचा. उरलीसुरली चटणी-भाकरी खायचा आणि पाच मिनिटांत आम्ही "चला रे, उतरायचंय" म्हणून उठायचो. गडावर निवांत बसलेला परब मला आठवतच नाही.

मी त्याला चिडवायचो, "परब, एकदा तरी पहिला पोच की रे."

"गड खंय पळान जाता? इतकी वर्सां थयच बसलो हा." मग तोंडात तंबाखूची चिमूट टाकून, "तू फुडे चलतंस, तुका कोणाचा तोंड दिसना नाय. माका सगळ्यांची पाठ दिसता. पाठ बघान माणूस कळता, पुढाऱ्या."

हे खरं होतं. कोण दमलंय, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाचा आज जीव लागत नाहीये, हे त्याला चढाच्या पहिल्या वळणावर समजायचं. त्याच्याबद्दल आम्हाला काय समजत होतं? जोगेश्वरीला लेण्यांच्या बाजूला एका चाळीत तो एकटा राहायचा. गावी कुडाळकडे भाऊ होता. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे आम्ही कुणी विचारलं नाही. चार वर्षं त्याचा गूळ खाल्ला आणि एवढं साधं विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

आता कोहोजचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आहे.

मनोरहून वाड्याकडे जाताना वाघोटे गाव लागतं, त्याच्या डोक्यावर कोहोजचा किल्ला. थंडीचे दिवस होते, सगळीकडे कापणीला आलेलं पिवळं गवत. माचीवर पाण्याची टाकी आहेत, पडक्या देवळाचे दगड आहेत, आणि अगदी वर वाऱ्यानं झिजवलेला एक सुळका आहे. एका बाजूनं पाहिलं तर कुणी माणूस पाठमोरा उभा आहेसं वाटतं. त्या दिवशी परब वर पोचला, सुळक्याकडे बघत राहिला आणि त्यानं दगडावर थाप मारली. "ह्येका कोण मोजता?" म्हणाला. आम्ही हसलो. मी म्हटलं, "चल रे, उशीर होतोय."

अर्ध्या उतारावर माझ्या लक्षात आलं की हातात घड्याळ नाही. टाक्यावर हात धुताना काढून ठेवलं होतं. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी दिलेलं ते घड्याळ. मी परत वर जायला वळलो, तर परबानं अडवलं.

"तू ह्यांका घेवन खाली जा. मी आणतंय."

आम्ही खाली तळ्याच्या बांधावर आलो. ऊन उतरत होतं, प्रत्येकाला घरी जायची घाई. मीच परबासारखी थाप मारत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मोजणारा मी, म्हणून मी मलाही धरलं. अकरा भरले. "अकरा! चला!" मी ओरडलो. चार वर्षं तो आकडा ऐकला की उठायची सवय झाली होती. सगळे उठले. गावात जाऊन मोटरसायकली काढल्या आणि निघालो. परबाची गाडी एका घरामागे पेंढ्याच्या सावलीत लावलेली होती, तिकडे कुणी पाहिलंच नाही. गूळ मिळाला नाही हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हायवेवर चहाला थांबलो. मी बारा चहा सांगितले. एक उरला. कुणीतरी म्हणालं, "परब मागून येतोय." माझा हात मनगटाकडे गेला, घड्याळ नव्हतं. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? छे! परब मागून येतोच, हे आमच्यासाठी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. चहा थंड होईल म्हणून तो आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा प्यायला. दुसरा अर्धा मी प्यायलो.

सोमवारी पॅकिंगला परब नव्हता. दुपारपर्यंत मी स्वतःला समजावत राहिलो, ताप आला असेल, झोपला असेल. कारखाना सुटल्यावर धावत जोगेश्वरीला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. परब चटईवर पडला होता, उजवा पाय घोट्यापासून भोपळ्यासारखा सुजलेला, त्यावर शेजारणीनं आंबेहळदीचा लेप लावलेला. घड्याळ घेऊन उतरताना गवतावरून पाय सटकला होता. रात्र त्यानं तिथेच काढली. सकाळी मोळीला आलेल्या दोघांनी त्याला खाली आणलं आणि तबेल्यांसाठी गवत घेऊन येणाऱ्या एका ट्रकनं जोगेश्वरीला सोडलं.

त्यानं उशीखाली हात घातला आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "चावी दिलंय हां," म्हणाला.

घड्याळ टिकटिक करत होतं. "परब, अरे, मी... मोजले होते रे मी."

"ठावक हा. तू 'अकरा' म्हणान आराडलंस, ता माका वर आयकाक इला." तो आढ्याकडे बघत होता. "मी म्हटलंय, बरोबर हा. तुमचो आकडो बरोबर होतो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चार घाणेरड्या मालवणी शिव्या हासडल्या असत्या, तर मी त्याचे पाय धरले असते आणि मोकळा झालो असतो. तो रागावला नव्हता. त्याला ते खरंच बरोबर वाटत होतं. मी माफीचा शब्द तोंडात घेऊन बसलो आणि तसाच गिळून घरी आलो.

पुढच्या रविवारी त्याची मोटरसायकल आणायला मी एकटा एसटीनं वाघोट्याला गेलो. घरातली म्हातारी बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचाच का तो मानूस?"

"हो, आमचाच."

"मग टाकून कसा गेलात?" तिनं विचारलं. मी मान खाली घालून सुतळी सोडत होतो. पिशवीतल्या कागदाला मुंग्या लागल्या होत्या. आत गुळाचे खडे सुटे करून ठेवलेले. मी मोजले. अकरा.

परबाचा घोटा बसला तो वाकडाच. डॉक्टरनं चढ बंद केला. मला वाटलं, आता हा येणार नाही. पण तो यायचा. किक मारता येत नसे, म्हणून रविवारी पहाटे मी जोगेश्वरीला जाऊन त्याच्या गाडीला किक मारायचो आणि मग आम्ही निघायचो. तो पायथ्याला एखाद्या ओट्यावर गाड्या राखत बसायचा. आम्ही उतरलो की थापा मारत मोजायचा, गूळ द्यायचा. आता मी हट्टानं विचारायचो, "तुला धरून किती झाले, परब?"

"मी खंय वर गेलंय? माका कित्याक मोजतंस?"

वरून बुरुजावर उभं राहिलं की खाली त्याचा पांढरा सदरा दिसायचा. पूर्वी मी क्षितिजाकडे बघायचो. आता त्या सदऱ्याकडे बघायचो आणि पहिलं पोचल्याचा आनंद काही केल्या व्हायचा नाही.

मग व्हायचं तेच झालं. कुणाचं लग्न झालं, कुणी चेंबूरला राहायला गेला, कुणी दुबईला. दोन रविवारांचा एक झाला, एकाचा दिवाळीनंतरचा एखादा. अकरा ही आरोळी बंद पडली. परब सात म्हणायचा, पाच म्हणायचा, गूळ मात्र अकरा खडेच आणायचा आणि उरलेला घरी न्यायचा. ऐंशीचं दशक सरता सरता पॅकिंगला यंत्र आलं. परबानं हिशेब घेतला, हिरवी गाडी विकली आणि गावी भावाकडे जायचं ठरवलं. मी एकेकाला फोन केले, निरोप धाडले. सगळे म्हणाले, "येणार म्हणजे काय, येणारच यार! परबासाठी नाही येणार?"

बोरिवलीच्या डेपोत संध्याकाळची कुडाळ गाडी होती. परब एक ट्रंक आणि ती गोणपाटाची पिशवी घेऊन बाकावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. दर दोन मिनिटांनी मी फाटकाकडे बघत होतो. तो बघत नव्हता. गाडी लागली, लोक चढले, मी ट्रंक टपावर चढवली. कुणी आलं नाही.

"ट्रॅफिक असेल रे," मी म्हटलं.

"असात," परब म्हणाला.

कंडक्टर ओरडला. परब उठला, लंगडत माझ्या मागे आला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"एक," म्हणाला.

आणि सवयीनं त्याचा हात पुढच्या पाठीसाठी उचलला गेला. तिथे कुणी नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. मी वळलो, त्याच्या मागे गेलो आणि त्याच्या पाठीवर, जिथे पिशवीचा पट्टा होता तिथे, हात ठेवला. पाठ हाडाहाडांची होती. इतक्या वर्षांत मी तिला कधी हात लावला नव्हता.

"दोन," मी म्हटलं.

कंडक्टरनं दुसऱ्यांदा हाक मारली. मग दांडा धरून परब पायरीवर चढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर."