सोनेरी रंग दिलेली कळ

देशभक्ती करायची तर खुशाल करा, पण ती दुसऱ्याच्या जिवावर उठून कशाला? यंदाच्या सव्वीस जानेवारीला आमच्या भुईगावात जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

माझे सासरे विलास वर्तक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ब्याऐंशी. लष्कराच्या सिग्नल्समध्ये बावीस वर्षं त्यांनी मोर्सचे संदेश घेतले नि पाठवले. आता कान पार गेलेत, काचबिंदूनं डोळेही गेले. तरी दाढी स्वतः करतात आणि चहात साखर कमी पडली तर भांडतात.

हा जोम टिकलाय तो कुंपणापलीकडच्या फेबियन लोपीसकाकांमुळे. दोघं एकाच युनिटमधले. निवृत्तीनंतर त्यांनी केळीच्या बागेवरून या घरातून त्या घरात एक तार ओढली. तिकडे काकांच्या खाटेशी पितळेची मोर्सची कळ, लष्करानं भंगारात काढलेली. इकडे अण्णांच्या उशाशी एक लाकडी डबी. काका कळ दाबतील तशी डबी थरथरते, कधी लांब, कधी आखूड. अण्णा तिच्यावर तळवा ठेवून वाचतात. सकाळी सहाला पहिला संदेश ठरलेला, "उठला का?" मग गावभरच्या बातम्या. अण्णा खिडकीतून ओरडून उत्तर देतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

डिसेंबरात काकांच्या खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नेताना त्यांनी स्ट्रेचरवरून हात लांब केला आणि आधी कळवलं, "आठ दिवस रजा." घरी आल्यावरही डॉक्टरांनी खाटेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं, पण सहाचा संदेश पुन्हा सुरू झाला.

आणि तेवीस जानेवारीला बंद पडला. काकांचा मुलगा कॅल्विन यानं आदल्या रात्री, काका झोपलेले असताना, कळ उचलून उत्सव समितीच्या हरेशला प्रदर्शनासाठी दिली होती. विचारायचं कुणाला? म्हाताऱ्याची जुनी वस्तू!

काकांनी सकाळी तारेची दोन टोकं एकमेकांना लावून संदेश पाठवला. डबी थरथरली. अण्णांनी तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा फेबियनचा हात नाही," ते म्हणाले. "कोण माझी चेष्टा करतंय?"

मोर्सवाल्यांना एकमेकांचा हात ओळखू येतो, जसा आपल्याला आवाज. कळीऐवजी उघड्या तारा धरल्यावर तो हात कुठून येणार? मी अण्णांच्या तळव्यावर बोटानं गिरवलं, 'काका बरे आहेत.' त्यांनी हात झटकला.

"रजा न कळवता फेबियन गप्प बसायचा नाही. तो गेलाय. तुम्ही लपवताय."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना धरून काकांकडे न्यायला निघालो, तर त्यांनी दाराची चौकट घट्ट पकडली. "मला त्याच्या मातीला नेऊ नका. मला सोसायचं नाही ते." दाढी बंद. चहा बंद. दोन घोट पाणी, बस्स. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर भरती करावं लागेल.

मी कॅल्विनला फोन केला. "वहिनी, बाबांचा सत्कार आहे, सरप्राइज! मला काय माहीत अण्णांचं असं होईल? संडेला आणतो ना!" हरेश तर फोनच उचलेना.

रविवारी झेंडावंदनाला पोचले. मांडवात प्लायवुडच्या भारताच्या नकाशावर कळ चिकटवलेली, वरपासून खालपर्यंत सोनेरी रंग मारलेली. खाली पाटी, 'आमच्या वीरांचा आवाज'. मी दाबून पाहिली. हलेचना. त्यांनी आवाजाचा गळा आवळून वर पाटी लावली होती!

"वहिनी, वीस मिनिटं थांबा, पाहुणे येतायत," हरेश म्हणाला.

"पाहुण्यांना सांग, वीर घरी उपाशी पडलाय!" मी माइकपाशीच ओरडले. मग मांडववाल्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कळ उखडून काढली. तिच्याबरोबर अर्धा गुजरातही निघाला. निघू दे.

मी ती खाटेशी नेऊन दिली तशी काकांनी कळ हातात घेतली आणि त्यांचे डोळे भरले. ब्लेडनं रंग खरवडला, तारा जोडल्या, बसचं तिकीट घडी करून कळीच्या दोन टोकांमधल्या फटीत घातलं, तेवढंच अंतर ठेवून स्क्रू आवळला. ही त्यांची नेहमीची रीत.

मी धावत घरी आले. अण्णांचा हात ओढून डबीवर ठेवला. ते काढून घेऊ लागले, मी दाबून धरला.

डबी थरथरली.

अण्णांची बोटं एकदम थांबली. त्यांनी दुसराही हात डबीवर ठेवला. संदेश पुन्हा आला. "उठला का?"

अण्णा उठून बसले, चाचपडत खिडकीशी गेले आणि असे ओरडले की मांडवातलं भाषण थांबलं.

"फेब्या! चार दिवस तुझं सुतक धरलंय मी! फिटलं रे, फिटलं!" मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "स्वप्ना, चहा टाक. साखर नीट घाल."